प्रश्नचिन्हाच्या पुढचं

“टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार. टक्का, नऊ, सात,” स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून बाबा म्हणाले. “घेतलंस?”

तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता, लेकीला कडेवर घेतलं होतं आणि उरलेल्या एका हाताने ती लॅपटॉपवर टाइप करत होती. दीड वर्षाच्या लेकीला नेमकं तेच बटण हवं होतं ज्यावर आईचं बोट होतं.

“घेतलं. पुढे.”

“वाचून दाखव.”

“बाबा, कशाला?”

“पडताळल्याशिवाय पुढे जायचं नाही. छत्तीस वर्षं असंच केलंय.”

छत्तीस वर्षं ते छापखान्यात प्रुफं तपासत होते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून जुळवायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. तिने दातओठ खात वाचून दाखवलं.

खरं म्हणजे ही पीडा तिनेच ओढवून घेतली होती. बाबांच्या शेजाऱ्यांना कुणीतरी लिंक पाठवून फसवल्यापासून तिने बाबांना दहादा बजावलं होतं: लिंकला बोट लावायचं नाही, ती पुढे पाठवायची नाही, आणि माझ्या नावाने आली तरी आधी मला विचारायचं. परवा तिच्याच नावाने एक लिंक आली. बाबांनी ती पेन्सिलीने तीन कागदांवर उतरवून घेतली आणि आज फोन केला.

“मीच पाठवली असेल हो. उघडा बिनधास्त.”

“असेल म्हणजे? परवा तुझा फोन पोरीने बादलीत बुडवला होता ना? मग बादलीतून कुणी पाठवली?”

नव्या फोनमध्ये जुना एकही मेसेज आला नव्हता. गुडघ्यांचं काहीतरी पाठवल्यासारखं अंधूक आठवत होतं, पण छातीठोक सांगता येईना. आणि छातीठोक सांगता येत नसेल तर उघडायची नाही, हा नियमही तिचाच.

लिंकमधली मराठी अक्षरं अशा टक्क्यांच्या खुणांत बदलून येतात; लिंक न उघडता ती वाचायची साधी सोय लॅपटॉपवर होती. वरच्या चौकटीत ते टक्क्यांचं गिचमिड टाकायचं, खालच्या चौकटीत त्याची अक्षरं होतात. पण मराठीच्या एका अक्षराला नऊ खुणा, काना वेगळा, वेलांटी वेगळी. तीन टक्क्यांनंतर खाली ‘ग’ उमटला. आणखी तीन, तेव्हा त्याला उकार लागला.

“गु,” ती म्हणाली.

“पुढे आहे,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “धीर धर.”

धीर धरण्यात पाऊण तास गेला. बाबा दोनदा पाणी प्यायला उठले. लेकीने एकदा सगळी ओळ पुसून टाकली आणि टाळ्या वाजवल्या.

“हे बघा! ‘गुडघेदुखीवरचे व्यायाम’. साइट ज्येष्ठांसाठीची आहे, माझ्या ओळखीची. झालं समाधान? उघडा आता आणि पाय हलवा.”

“अजून सव्वा कागद आहे.”

“तो कचरा असतो, बाबा!”

“न वाचताच कचरा? लिही. प्रश्नचिन्ह. क्यू. बरोबरचं चिन्ह.”

प्रश्नचिन्हाच्या पुढे लिंकची शेपटी असते. तुम्ही कुठून आलात, काय शोधलंत, असलं सगळं तीत चिकटून येतं. कापली तरी पान उघडतं. सासूबाईंच्या, नणंदेच्या लिंका ती शेपट्या छाटून परत पाठवायची आणि वर चार शब्द सुनवायचीही.

“टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार. टक्का, बी, पाच.”

‘व’. मग ‘ड’, आणि त्याला वेलांटी. बाबा आता पडताळून घ्यायला थांबत नव्हते. खाली ‘वडिलांना’ पुरं झालं, एक जागा सुटली, पुन्हा ‘व’ आला. त्या ‘व’च्या पायाशी ऋकार लागला तेव्हा तिचं बोट थांबलं.

परवा लेकीला ताप होता. बाबांचे सकाळपासून अकरा फोन आले होते: नळ गळतोय, चष्मा सापडत नाही, चष्मा सापडला. बारावा फोन ठेवून तिने त्या साइटवर दोन शब्द टाइप केले होते: वडिलांना वृद्धाश्रम. काही पत्ते उतरवूनही घेतले होते. मग स्वतःचीच लाज वाटून तिथूनच हे व्यायाम त्यांना पाठवले. अर्ध्या तासाने फोन बादलीत गेला आणि ती दुपारच तिने डोक्यातून काढून टाकली.

“थांबा, बाबा.”

“का? चुकलं काही?”

“नाही. पुढचं राहू दे. कापून टाका.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

“लिंकखाली व्यायामांचा मथळा मराठीत आलाच होता. त्यात व होता, ड होता, द होता, म होता,” बाबा म्हणाले. “लिंकमध्ये त्यांच्या खुणा कुठल्या ते जुळवलं. त्याच खुणा प्रश्नचिन्हाच्या पुढे पुन्हा दिसल्या. म्हणून कोष्टक मांडलं. काही घरं रिकामी राहिली, पण शब्दकोड्यात राहतातच की. दोनच तर शब्द होते.”

लेक कडेवरून घसरत होती. तिला वर ओढायला हवं हेही तिला क्षणभर सुचलं नाही.

“मग फोन कशाला केलात?”

“अगं, लेखकाला विचारल्याशिवाय आम्ही ओळ कापत नसू. कितीही खटकली तरी. म्हणून विचारतोय. कापू?”

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. तिने तो घेतलाही.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “रविवारी येते मी. मग बोलू.”

“बरं,” म्हणत बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “पत्ते किती मिळाले?”

“सहा.”

“येताना तेही लिहून आण,” बाबा म्हणाले. “मोठ्या अक्षरात.”