वारेचा दोष

"काहून गं, खात न्हाईस का तू?" हळदीचे गड्डे मोडता मोडता अनुसयाबाई सुनेवर उखडली. "सातवा सरून राहिला अन् पोट बघ केवढं! उद्याच्या रिपोर्टात तुझा दोष निघू दे, माहेरीच धाडते तुला."

कालिंदीनं हातातला गड्डा टोपल्यात आपटला. तीन वर्षं हेच ऐकून तिचे कान किटले होते. आरोही झाली तीसुद्धा दीड किलोची. बाळंतपणानंतर अंगणात वार पुरताना सासूनं शेजारणी गोळा केल्या होत्या. "बघा बायांनो, तळहाताएवढी वार! हिच्या पोटात दमच न्हाई." महिन्यापूर्वी दुसरंही सोनोग्राफीत बारीक दिसलं, तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टर रेवतीबाईंनी तिच्या नवऱ्याचं, बंडूचं, कालिंदीचं आणि आरोहीचं रक्त तपासायला घेतलं. अनुसयाबाईनं आपण होऊन दंड पुढं केला. "माझंबी घ्या. आमचं रक्त कसं हाय, कळू द्या हिला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढ्यात ठेवला.

"वार आणि लेकरू वाढवणारा एक जीन असतो. एक आईकडून मिळतो, एक बापाकडून. पण काम करतो तो बापाकडचा. आईकडचा निजून राहतो. आरोहीला बापाकडून आलेलाच बिघडलेला आहे. पोटातल्याचंही तसंच दिसतंय. कालिंदीचा यात काही संबंध नाही."

"म्हंजी माझ्या बंडूचा? अवो, चार किलोचा झालता त्यो!"

"त्याला तो बिघाड तुमच्याकडून मिळालाय, आजी. आईकडचा, म्हणून त्याच्यात निजून राहिला. बंडूनं लेकराला दिला, तेव्हा तो बापाकडचा झाला, आणि जागा झाला."

अनुसयाबाईनं कागदाची घडी घालून कालिंदीच्या पिशवीत कोंबली. एसटीत कालिंदी वाट बघत राहिली, एखादा शब्द तरी येईल. हट्टा गाव आलं तरी आला नाही.

दारातच शेजारच्या आशाबाईनं विचारलं, "काय निघालं वो? दोष कोनाचा?"

"कोनाचाच न्हाई, बाई. देवाची मर्जी," म्हणत अनुसयाबाई घाईनं आत शिरली.

कालिंदी तिडिकीनं सासूच्या मागं आत गेली. "आत्या, तीन वर्सं माझा व्हता, तवा देव कुठं गेलता?"

"हळू बोल ना माय. आशाबाई ऐकंल."

कालिंदीनं पिशवीतला कागद काढला, पोट सावरत अंगणात आली आणि वार पुरली होती तिथं उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली,

"आशामावशे, या इकडं! तवा वार बघाया आलता न्हवं? आता ह्यो कागदबी बघून जा."