नळकांडं बैलाचं, घसा माझा

मी चांद्या बोलतोय. डोंगरकडा गावाच्या मागच्या तांड्यावरचं म्हातारं तट्टू. बैल नव्हे, तट्टू. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण याच एका घोळापायी यंदाच्या होळीत माझा जीव घशाशी आला.

माझ्या मालकाच्या, रूपसिंगच्या बापानं मला माळेगावच्या जत्रेतून आणलं, तेव्हा तांड्याला रस्ता नव्हता. रस्ता मीच होतो. हळदीची पोती, दळणाचे डबे, शाळेचा फळासुद्धा माझ्या पाठीवरून वर चढला. ओढा भरून वाहत असताना कळा सोसणाऱ्या अनुसयाबाईला, रूपसिंगच्या बायकोला, मी पलीकडं नेलं आणि त्याच सकाळी देविदास जन्मला. मग डांबर आलं, मोटारसायकली आल्या आणि मी खुंट्यावर आलो. विकलं मात्र नाही कुणी. तांड्यातलं शेवटचं तट्टू म्हणून मान राहिला.

त्या मानानंच घात केला.

होळीला आमच्याकडं नव्या लेकराची धुंड होते, बारशासारखा सोहळा. या तांड्याची त्यात आणखी एक रीत आहे: लेकराला क्षणभर तट्टाच्या पाठीवर बसवायचं आणि लापशीचा पहिला घास तट्टाला द्यायचा. बैलांचे तांडे घेऊन फिरायच्या काळात लेकरं तट्टाच्या पाठीवरच वाढली, त्याची ही आठवण. रीत चांगली आहे. पण तेव्हा तट्टं पुष्कळ होती, घास वाटला जायचा. यंदा धुंडीची घरं पुष्कळ आणि तोंड एकच. घासाच्या नावाखाली पराती येऊ लागल्या. देविदासच्या लेकराची लापशी तर अनुसयाबाईनं तुपात थबथबून आणली. माझे दात झिजलेले. चावणं जमेना, गिळत गेलो. मला हावरट म्हणा. पण पुढं आलेल्या ताटाला नाही म्हणणारा माणूस तरी मी कुठं पाहिलाय?

दुपार कलली आणि पोटात कुणी दोर पिळावा तसं झालं. मी पायानं माती उकरली, वळून वळून कुशीकडं पाहिलं. होळीची लेंगी गाणी रंगात होती, डफ वाजत होता. "चांद्याबी नाचून राहिला," कुणीतरी हसलं. मी धाडकन पडलो, तेव्हा डफ थांबला.

अंगातून घाम निथळत होता. रूपसिंगनं फुगलेल्या पोटावर थाप मारली आणि छपरातून बांबूचं नळकांडं ओढलं. त्या नळकांड्यानं तेल पाजून त्यानं फुगलेले कितीतरी बैल उठवले होते. बैलाच्या बाबतीत तांड्यात त्याचा शब्द शेवटचा.

"अहो, घोडं हाय ते," अनुसयाबाई म्हणाली.

"घोडं काय अन् बैल काय, पोट ते पोटच!" शेजारचा रामप्रसाद बोलला आणि माझी मान वर धरून बसला.

तेल ओतलं. अर्धं घशात, अर्धं भलतीकडं. छातीत आग लागली. मला श्वास घेता येईना, नाकातून तेल वाहू लागलं. रूपसिंग दुसरं नळकांडं भरत होता. अनुसयाबाईनं ते हिसकावून फेकलं.

"बैलाचे वैद्य तुमी! याला शिंगं दिसून राहिली का तुमाला?"

इकडं देविदासनं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला होता. पलीकडून विचारणा झाली, "गाय का म्हैस?"

"तट्टू हाय, साहेब. लई तकलीफ हाय त्याला."

"घोड्याचं आमच्याकडं नसतं. बघू."

बघू! अरे, रस्ता नव्हता तेव्हा तुमच्या लसीच्या पेट्या कुणाच्या पाठीवरून आल्या? गाई-म्हशी टोचून घ्यायच्या आणि पेटी वाहणाऱ्याला विचारायचं, तू कोण? त्या क्षणी पोटापेक्षा ते 'बघू' जास्त दुखलं.

देविदासनं दुसरा फोन केला. भीमराज आला. डोंगरकड्याचा पोरगा, जनावरांचा डॉक्टर, सणाला घरी आलेला. माझ्या पोटाला कान लावून तो म्हणाला, "घोड्याला मी कॉलेजात हात लावला, तेवढाच. खोटं सांगत न्हाई. पण न्हाई केलं तर हे जातंय."

त्यानं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, मग नाकातून लांब नळी सरकवली.

"आता नाकातून?" रामप्रसाद कुरकुरला. "तोंड काय वाईट होतं?"

"काका, घोड्याला ओकता येत न्हाई. बैलासारखी ढेकर न्हाई. तेल कुणी पाजलं?"

रूपसिंगनंच मान खाली घालून हात वर केला.

"छातीत उतरलंय. पोट सुटलं तरी छातीचं आज सांगता येणार न्हाई."

नळीतून आंबूस वारा निघाला. मला उठवलं. रूपसिंगनं दोर धरला आणि मला हळूहळू फिरवू लागला. सगळा तांडा पारावर बसून एकाच जागेकडं पाहत होता. आयुष्यभर माझ्या पाठीकडं पाहिलं, आज पाठीमागं पाहत होते. मी थबकलो की सगळे श्वास रोखायचे. पुन्हा काही नाही. मी पडणार असं वाटलं की रूपसिंग खांदा लावायचा.

ऊन उतरता उतरता मी लीद टाकली. थोडीशीच. अनुसयाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि डफवाल्यानं डफावर असा हात मारला की देविदासचं लेकरू दचकून रडलं.

पोट वाचलं. पण थंडी पडली की पहाटे मी खोकतो. ते नळकांड्याचं तेल आहे. खोकला ऐकला की रूपसिंग घोंगडी घेऊन बाहेर येतो, माझ्यावर टाकतो आणि मानेवर हात ठेवून उभा राहतो. मी त्याला काही म्हणत नाही.

तुम्हाला मात्र म्हणतो. पुढच्या होळीला मी असलो तर लेकरं आणा, माझ्या पाठीवर बसवा. तेवढा भार अजून पेलतो. घास एकच द्या, सगळ्या घरांचा मिळून एक. आणि मी पडलो, तर उपाय करण्याआधी माझ्या डोक्याकडं एकदा नीट बघा. शिंगं नाहीत तिथं.