काठी कोणत्या हातात

तळमजला

"तुम्ही?" वॉचमन म्हणाला. "ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं?"

"सगळे बाहेर कामांवर गेलेत. फोन मी उचलला, मग मीच आलो," मिस्त्री म्हणाले.

"आणि हत्यारांच्या पिशवीबरोबर ही काठी?"

"तिला एकटीला सोडवत नाही."

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत सातव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत, नऊ मजले चढून.

वॉचमनने जिन्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्याकडे. न बोलता चिडवण्याची त्याची ती पद्धत होती.

पहिला मजला

चांगला पाय वर. मग दुखरा पाय आणि काठी. उजव्या हाताने कठडा. पुन्हा चांगला पाय.

दुसरा मजला, आणि थोडं मागचं

गुडघा आधी वाजायला लागला आणि मग दुखायला. सकाळी उठलं की थोडा वेळ तो लाकडासारखा असायचा, चार पावलं टाकली की सैल व्हायचा. बायको म्हणायची, "अहो, दार वाजलं की तुम्ही उठलात?"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. संधिवात, पण झिजेचा, असं म्हणाले. हाडांच्या टोकांवरची गादी पातळ झालीय. व्यायाम सुरू करा, वजन उतरवा, लागेल तेव्हा गोळी.

मिस्त्रींनी त्यातला एकच शब्द घरी आणला. झीज.

झिजलेल्या बेअरिंगचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. उभा जन्म त्यात गेला होता. झिजलेलं बेअरिंग कमी चालवायचं. आवाज आला की मशीन बंद. तेवढेच जास्त दिवस टिकतं. त्यांनी गुडघा बंद केला. भाजी आणणं बायकोवर गेलं. पाणीसुद्धा जागेवर यायला लागलं. ऑफिसातल्या साहेबांनी स्वतःहून त्यांना फोनपाशी बसवलं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

वर्षभरात मांडी काडीसारखी झाली, पोट पुढे आलं, आणि गुडघा पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागला.

"गुडघा वाचवताय की पोसताय?" बायको म्हणाली.

चौथा मजला

वरून एक गृहस्थ धावत खाली आले. गळ्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातला कागदी रुमाल, तोंड एका बाजूला ओघळलेलं.

"मिश्त्री तुम्हीच ना? लवकर करा हो! मला इंजेक्शन दिलं आणि डॉक्टर खाली कुरिअर घ्यायला गेले. अर्धं तोंड माझं नाहीच आत्ता!"

"म्हणजे दुखत नाहीये."

"आत्ता नाही! उतरलं की दुखेल!"

"मग तुम्ही नशीबवान," मिस्त्री म्हणाले. "माझं चढताना दुखतं आणि उतरताना त्याहून."

ते गृहस्थ हसले. म्हणजे अर्धे हसले. आणि त्यांच्या मागे एकेक पायरी चढू लागले.

पाचव्याच्या वर

बंद दारातून आवाज आला. "कोण आहे?"

"लिफ्टवाला."

"किती वेळ लागेल?"

"दात काढायला तुम्हाला किती लागतो?"

"दातावर आहे."

"हे माझ्या गुडघ्यावर आहे. पंखा चालू आहे ना? मग खाली बसा, दाराला हात लावू नका. लिफ्ट हलली तरी घाबरायचं नाही, मीच हलवत असेन."

सातवा मजला

दवाखान्याचं दार उघडंच होतं. गृहस्थ आतून खुर्ची घेऊन आले. "बशा. घाम आलाय तुम्हाला."

मिस्त्री बसले. पूर्वी बसायचे तसे नाही. पाय समोर सरळ केला, मांडी आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

हे त्यांना व्यायामवाल्या मॅडमनी शिकवलं होतं. बायकोने शेवटी हाताला धरून नेलं तेव्हा. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. मिस्त्रींनी आत येताच बेअरिंगचं सगळं ऐकवलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, बेअरिंग आपलं आपण दुरुस्त होतं का?"

"नाही."

"कातडी सोलली तर भरून येते ना? गुडघाही जिवंत आहे. पातळ झालेली गादी पूर्ववत होणार नाही, ते खरं. पण भोवतालचा स्नायू भार घेतो, आणि तो बसून वाढत नाही. हालचाल हेच त्याचं वंगण. आणि नुसता वाजला तर वाजू दे."

"दुखलं तर?"

"सोसवेल इतकं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त ठणकला तर थोडं कमी करायचं. बंद नाही करायचं." मग त्यांनी काठीकडे पाहिलं. "ही उजव्या हातात का?"

"उजवा गुडघा खचलाय. जिथे खचलंय तिथेच टेकू देतात."

"भिंतीला. तुम्ही चालताय. डाव्या हातात घ्या."

मिस्त्रींना ते साफ उलटं वाटलं. घरी येताना त्यांनी काठी पुन्हा उजव्या हातात घेतली. मग रस्त्यातच थांबले. लोक बाजूने जात होते. लिफ्टची पेटी एका बाजूला, आणि तिला तोलणारं वजन? दोराच्या दुसऱ्या टोकाला. काउंटरवेट. आयुष्यभर ज्यात हात घातला, ते! पेटीखाली टेकू लावून कोणी लिफ्ट चालवतं का?

काठी डाव्या हातात आली. गुडघ्यावरचा भार उतरल्याचं त्यांना पहिल्याच पावलाला कळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी घोट्याला नटबोल्टांची पिशवी बांधून पाय उचलणं. बायको ताटातलं तळलेलं गुपचूप कमी करायची आणि वर विचारायची, "कमी वाटतंय का हो काही?"

आठवा मजला

फोन वाजला. साहेब.

"मिस्त्री, तुम्ही कुठे गेलात? टेबलावर कोणी नाही!"

"आठव्यावर."

साहेबांचा आवाज खाली आला. "हे बघा, मी बोललो होतो, एकदा कोणाच्या मदतीशिवाय वर जाऊन काम करून दाखवा, हत्यारांची पिशवी पुन्हा तुमची. नाहीतर रिटायर होईपर्यंत फोन. पण आज कशाला? दोघं मोकळे होतायत, तासाभरात पाठवतो. तुम्ही थांबा तिथेच. कोणी काही म्हणणार नाही."

हेच अवघड होतं. कोणी काही म्हणणार नव्हतं. गुडघा ठणकत होता. खुर्ची एकच मजला खाली होती.

"आत माणूस आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आणि मी आलोच आहे जवळ."

गच्ची

मशीनची खोली. ग्रीस आणि तापलेल्या तारांचा वास. वर्षभरात कोणीतरी इथे चहाचे कप सोडून गेलं होतं.

मेन स्विच बंद. काठी भिंतीला. एका हाताने ब्रेकचा दांडा दाबला, दुसऱ्याने चाक. दोन्ही हात गुंतले, म्हणजे उभं राहायचं काम पायांचं. दोघांचं. दोर इंचाइंचाने सरकला. दोरावरची रंगाची खूण पट्टीसमोर आली. सहावा.

दांडा सोडला, ब्रेक लागला. गुडघ्याने तक्रार केली. केली तर केली.

उतरताना

उतरणं जास्त दुखतं. आधी काठी आणि दुखरा पाय, मग चांगला. सातव्यावर गृहस्थ हात पुढे करून उभे होते.

"नको," मिस्त्री म्हणाले. "आजच्या दिवस नको."

सहाव्यावर त्यांनी किल्ली फिरवली, दार सरकवलं. डॉक्टर कुरिअरचं पाकीट छातीशी धरून जमिनीवर बसले होते.

"बाहेर या. पायरी नाही, सपाट आहे."

डॉक्टरांनी बाहेर येऊन मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला. मागून गृहस्थ ओरडले, "डॉक्टर, मला तोंड जाणवायला लागलंय!" उच्चार अगदी स्वच्छ.

"मग परत टोचावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्री पुन्हा वर गेले. चिकटलेला रिले, म्हणजे विजेचा खटका, बदलला, स्विच टाकला, लिफ्ट दोनदा वरखाली फिरवून पाहिली. मग साहेबांना फोन लावला.

"झालं. माणूस बाहेर, लिफ्ट चालू."

"कोणी मदत केली?"

"एकाने खुर्ची दिली. बसलो होतो. तेवढं धरायचं असेल तर धरा."

साहेबांना हसू आलं असावं. मागे दुसरा फोन वाजत होता, ते तिकडे बोलून परत आले. "मिस्त्री, बाजाराच्या मागची इमारत. बारा मजले. जाल?"

"तिथली लिफ्ट चालू आहे का?"

"चालू असती तर त्यांनी फोन कशाला केला असता?"

"बरोबर," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली, काठी डाव्या हातात. "त्यांना सांगा, येतोय. जरा सावकाश येईन, पण येतोय."