चौथा पाय

"माझे पाय जमिनीला टेकत नाहीयेत," ताई म्हणाली.

"साहेबांचे टेकतील ना," दुकानदार म्हणाला.

ताई त्या काळ्या, फुगलेल्या खुर्चीत पार मागं सरकून बसली होती आणि तिच्या चपला हवेत लोंबत होत्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसवलेल्या पोरीसारखी दिसत होती. तिनं दुकानदाराकडं नीट बघितलं.

"कोण साहेब?"

"म्हणजे, घरी खुर्चीत बसणार कोण?"

"मी."

"हां, तुम्ही बसालच की कधीमधी. पण मुख्य कोण?"

"मुख्य मीच," ताई म्हणाली आणि खाली उतरली.

आता याला काय म्हणावं? चपलांच्या दुकानात कुणी विचारतं का, की बाई, या चपला घरी मुख्य कोण घालणार? पण खुर्ची म्हटली की तिच्यात एक साहेब आधीच बसलेला असतो. ताई दुकानात एकटी आली होती, स्वतःच्या पगारातून खुर्ची घ्यायला आली होती, आणि दुकानदार तिच्या खांद्यावरून दाराकडं बघत होता, मागून कुणी येतंय का म्हणून.

ताई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात इस्त्रीला होती. इस्त्रीला म्हणजे उभ्यानं. चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे सदरे, सगळं उभ्यानं. तळघरातल्या त्या लांबलचक खोलीत बायकांसाठी एकही खुर्ची नव्हती. बसलं की हात चालत नाहीत, असं मुकादमाचं म्हणणं होतं, आणि हे तो त्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसून सांगायचा.

त्या खोलीची एक रीत होती. जागेवरून उठायचं तर आपल्या इस्त्रीची वायर काढायची आणि सोबत न्यायची. जेवायला जा, पाणी प्यायला जा, घरी जा, वायर गळ्यात नाहीतर पिशवीत. नाहीतर परत येईपर्यंत तुमची तापवून ठेवलेली इस्त्री दुसरीच कुणी वापरायची आणि तळाला काहीतरी चिकटवून ठेवायची. यावरून पूर्वी भांडणं व्हायची. वायर न्यायची रीत पडली तेव्हापासून कुणी कुणाला शब्दसुद्धा बोललं नव्हतं.

घरी मात्र सगळी बसणाऱ्यांचीच वस्ती. नवरा बस चालवायचा, म्हणजे उभी हयात बसून काढलेली. आता निवृत्त होऊन पलंगावर बसायचा. मुलगा कॉम्प्युटरसमोर बसायचा, त्याची वेगळी फिरती खुर्ची होती. धाकटे दीर तिकीटखिडकीत बसायचे, आणि तिथलं बसणं संपलं की रोज संध्याकाळी भावाकडं येऊन पेपर वाचत बसायचे. ताईसाठी स्वयंपाकघरात एक डगमगतं स्टूल होतं. त्याच्यावर बहुतेक वेळा पिठाचा डबा असायचा.

बरं, स्वतःसाठी ताईनं याआधी काही आणलं नव्हतं असंही नाही. एकदा निळ्या फुलांचा एक मोठा कप आणला होता. महिन्याभरात तो मुलाचा दाढीचा कप झाला. एकदा मऊ उशी आणली, मानेखाली घ्यायला. ती नवऱ्याच्या गुडघ्याखाली गेली ती गेलीच. "अगं, तुला तर झोप दगडावरसुद्धा लागते," असं वर कौतुक. ताई हसली होती तेव्हा. त्या हसण्याची तिला आता चीड येत होती.

"ही बघा," दुकानदार म्हणाला, "ही मागं रेलते. साहेबांना टीव्ही बघायला..."

"दादा, आमचे साहेब पलंगावर बसतात. मला माझ्यापुरती खुर्ची दाखवता, का जाऊ?"

दुकानदार जरा वरमला. "तसं नाही हो. घरात भिंतीचा रंग कोणता आहे? म्हणजे मॅच व्हायला हवं."

"भिंत बसणार नाहीये. मी बसणार आहे."

मग तिनं त्याचा नाद सोडला आणि स्वतःच फिरायला लागली. आणि खरं सांगायचं तर हा अर्धा तास फार मजेत गेला. एका खुर्चीत बसावं, हात ठेवून बघावेत, डोकं मागं टेकवावं, पसंत नाही म्हणून तोऱ्यात उठावं. एक फारच कडक निघाली. एकीत बसल्यावर उठायला कुणीतरी हात द्यावा लागेल असं वाटलं. कुणी घाई करत नव्हतं, कुणी आतून हाक मारत नव्हतं. कोपऱ्यात, दोन कपाटांच्या फटीत, एक बुटकी हिरवी खुर्ची होती. लाकडी हात, जाड कापड, पाठ बरोबर जिथं दुखायची तिथं फुगीर. ताई बसली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले.

ती बराच वेळ उठली नाही.

"ती लहान आहे हो," दुकानदार लांबून म्हणाला. "म्हणून तर पडून राहिलीय. गडीमाणूस अवघडून जाईल तिच्यात."

"हीच द्या," ताई म्हणाली.

त्यानं खुर्ची बाहेर काढली, उलटी केली आणि एक पाय हातानं फिरवून काढून दाखवला. "जिना अरुंद असला तरी चिंता नाही. चारही पाय असे निघतात. पाना-बिना काही नको, नुसतं पिळायचं."

ताईनं तो पाय हातात घेऊन बघितला, स्वतः परत बसवला आणि मान हलवली.

खुर्ची दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली. ताई कामावर होती. संध्याकाळी जवळजवळ पळतच ती जिना चढली. दार उघडलं तर खिडकीपाशी हिरवी खुर्ची, आणि खुर्चीत नवरा.

"बरी आहे गं," तो म्हणाला. "जरा लहानच झाली. मला विचारलं असतंस तर मोठी आणली असती."

"मी माझ्यासाठी आणलीय."

"हो मग! बस की. मी काय नाही म्हणतोय का?" असं म्हणून त्यानं पाय आणखी लांब केले. "ही बातमी संपू दे."

बातमी संपली तोवर बटाटे चिरायची वेळ झाली होती.

पुढचं काय सांगायचं! रोज नवा कार्यक्रम. एके दिवशी भावजी खुर्चीत, तोंडासमोर पेपर. "वहिनी, झकास खुर्ची घेतलीत हं. कंबर कशी धरून ठेवते." वहिनी दारात उभी, हातात कामाची पिशवी, पायांचे नुसते खांब झालेले. उठायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. एके दिवशी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर मुलाचा ओला टॉवेल. तो उचलून ती बसणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "उभीच आहेस तर जरा पाणी दे."

उभीच आहेस तर! हे वाक्य ताईनं लग्नापासून ऐकलं होतं. पण तोपर्यंत घरात तिची खुर्ची नव्हती, म्हणून ते एवढं टोचलं नव्हतं.

तिनं सांगितलंही. नीट सांगितलं. "अहो, मी कामावरून येते तेव्हा तरी मला ती मोकळी लागते." नवरा म्हणाला, "घरातली वस्तू आहे. तुझंमाझं काय लावलंयस?" मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, आता बाबांना उठवू का मी? वाईट दिसतं ते." भावजींना सांगणार कोण, ते तर पाहुणे. रोज येणारे पाहुणे!

मग एका संध्याकाळी ती आली, आणि खुर्ची खरोखरच रिकामी होती. ताईनं पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि खुर्चीशी गेली. पाठीला, बरोबर डोकं टेकायच्या जागी, भाकरीएवढा काळपट डाग होता. भावजींच्या डोक्याचं तेल. हिरव्या कापडात खोल मुरलेलं. ताईनं आयुष्यभर परक्यांच्या कपड्यांवरचे डाग बघितले होते, त्यामुळं हा निघणार नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे?"

"काय?" नवऱ्यानं पलंगावरून मान वळवली. "अगं, वापरात आल्यावर डाग पडायचेच. खुर्ची काय पूजेला आणलीय? कापड टाक एखादं वरून."

"मी अजून एकदासुद्धा बसले नाही हिच्यात," ताई म्हणाली. "दुकानात बसले तेवढीच."

"मग बस ना! तुला कुणी अडवलंय? काय तुझं नाव लिहिलंय का तिच्यावर?"

मुलगा आतून म्हणाला, "आई, प्लीज, मीटिंग चालू आहे."

ताई बसली नाही. त्या डागाला डोकं टेकवून बसायचं तिच्या जिवावर आलं. ती रात्रभर घुसमटत राहिली, आणि सकाळी डबा भरताना पिशवीत तिच्या हाताला इस्त्रीची वायर लागली. ताईचा हात तिथंच थांबला. मग ती बाहेरच्या खोलीत गेली, खुर्ची उलटी केली, एक पाय पिळून काढला आणि तो वायरीशेजारी पिशवीत ठेवला. खुर्ची तिनं तशीच ठेवली, उलटी, चांगली समोर दिसेल अशी. उगाच कुणी पडायला नको. मग कामावर गेली.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या ठिणगीला तो पाय दिसला. ठिणगी म्हणजे एक बारकीशी बाई, जिभेचं टोक कायम तापलेलं, म्हणून तिचं ते नाव.

"ताई, हे काय? कुणाला हाणणार आहेस?"

"खुर्चीचा पाय आहे. माझ्या."

"अन् इथं का आणलास?"

"उठले ना जागेवरून," ताई म्हणाली. "वायर आणतो तसाच."

ठिणगीला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी हसली की मुकादम खुर्चीतून उठून बघायला आला. ताईला मात्र हसू आलं नाही. तिला वाटत होतं, आपण हे काय केलं, आणि हेसुद्धा वाटत होतं की इतकी वर्षं का नाही केलं.

संध्याकाळी जिन्यातच आवाज ऐकू आले. आत भावजी पलंगावर कोपर चोळत बसले होते. खुर्ची जमिनीवर आडवी झाली होती, आणि पिठाचा रिकामा डबा दारापर्यंत गडगडत आला होता. झालं होतं असं, की खुर्ची उलटी दिसल्यावर दोघा भावांनी ती सुलटी केली, चौथ्या पायाच्या जागी डबा लावला आणि भावजी पेपर घेऊन ऐटीत बसले. डबा सरकला. भावजी भुईसपाट.

"लाज नाही वाटत?" नवरा उभा राहिला. खरंच उभा राहिला. "तो पडला! हाड मोडलं असतं म्हणजे? माणसाच्या बसायच्या जागेचा पाय काढून न्यायचा? लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

"उलटी ठेवली होती मी," ताई म्हणाली. "उलट्या खुर्चीत कुणी बसतं का?"

"वहिनी, तुम्ही तोंडानं सांगायचं होतं," भावजी दुखावल्या आवाजात म्हणाले. "आम्ही काय उठलो नसतो?"

"सांगितलं होतं, भावजी. यांना सांगितलं, पोराला सांगितलं. तुमच्यासमोर तर रोज येऊन उभी राहत होते, पिशवीसकट. एकदा तरी उठलात?"

मुलगा दारात आला होता. तो खाली वाकला आणि त्यानं आईची खुर्ची उलटी करून धरली. ताईनं पिशवीतून पाय काढला, जागेवर ठेवला आणि पिळला. घट्ट बसेपर्यंत पिळला. खुर्ची सरळ केली. मग कामावर नेलेला स्वच्छ रुमाल त्या डागावर पसरला आणि बसली.

दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. खिडकीतून समोरच्या घराचं दार आणि त्यावरचा दिवा दिसत होता. इतकी वर्षं या घरात राहून ताईनं तो दिवा बसून कधी बघितला नव्हता. भावजी पेपरची घडी करून निघून गेले. नवरा भिंतीकडं तोंड करून पलंगावर आडवा झाला. मुलगा आत गेला. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि आता बराच काळ कुणी नीट बोलणारही नव्हतं, हे ताईला कळत होतं. पण ती बसून राहिली.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. ती यायच्या जरा आधी नवऱ्यानं बटाटे शेगडीवर चढवले होते आणि भांडणात विसरला होता.

"अगं, बघ जरा," तो भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला.

ताई उठली. दोन पावलं गेली, आणि थांबली. परत वळली, खुर्ची सावकाश उलटी केली आणि चौथा पाय पिळून काढला. मग तो काखेत धरून ती स्वयंपाकघरात गेली, आणि दुसऱ्या हातानं बटाटे ढवळत राहिली.