सिनेमात गेलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, राणीसावरगावच्या सटवाजींच्या घरातली. माझ्या अगदी मधोमध ताटलीएवढं गोल भोक आहे. मित्रांनो, ते कसं पडलं हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगते.

सटवाजींच्या मेंढ्यांची काळी लोकर कातरली आणि त्यांच्या बायकोने, केवळाबाईंनी, एक अख्खा पावसाळा बसून तिचं सूत काढलं. विणकराने मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावून कडक केलं. मग तीस वर्षं मी सटवाजींच्या खांद्यावरून माळ हिंडले. थंडी अडवली, पाऊस झेलला, नुकती जन्मलेली कोकरं उबेत घेतली. लोक म्हणत, "सटवाजीची घोंगडी म्हंजी घर हाय घर!" ते ऐकून मी फुगत असे. ही वाईट खोड मला तेव्हापासूनची.

या घराची एक रीत आहे. मुलीला हळद लावताना पाटाखाली घरच्या लोकरीची घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर भंडारा टाकायचा. घोंगडी जुनी चालते, विटलेली चालते, पण कात्री लागलेली मुळीच चालत नाही. केवळाबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी नात शिवकन्येला म्हणाल्या होत्या, "माझ्याच सुतावर तुला हळद लागंल बघ, बाई." शिवकन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. ती हे विसरली नाही.

पुढे घरात वाघाचं चित्र असलेली मऊ ब्लँकेटं आली. मी टोचते म्हणून मला पत्र्याच्या पेटीत टाकलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझी सात वर्षं गेली आणि कुणी माझी चौकशीही केली नाही.

एके दिवशी पेटी उघडली ती शिवकन्येच्या भावाने, अमृतने. तो परभणीला कॉलेजात होता आणि सिनेमाने त्याला पार झपाटलं होतं. मित्राला, जीवनला, तो सांगत होता, "जपानातले तलवारीचे सिनेमे बघून गोऱ्यांनी घोडेवाल्यांचे काढले. ते बघून आपल्याकडं डाकूंचे निघाले. समदे एकमेकांचं घेतेत, मग आपुन बी घ्यायचं! आपला मेंढक्या घोड्यावर बसवायचा."

कल्पना झकास होती, हे मी आजही म्हणते. टोपी जत्रेतली, घोडी वरातीची. मोबाइलवर बँड लावल्याशिवाय ती पाऊल उचलत नव्हती, हा भाग वेगळा! सटवाजी, म्हणजे त्याचे आबा, मेंढरांना घालतात ती हाळी अमृतने गुपचूप टिपून घेतली होती. तिच्यामागे त्याने गिटार वाजवली तेव्हा तर माझं भानच हरपलं.

पण त्याने एका चित्रात परदेशी घोडेस्वार पाहिला होता. त्या स्वाराने जाड कांबळ्याला मधोमध भोक पाडून त्यातून डोकं बाहेर काढलं होतं. अमृतने कात्री आणली.

जीवन म्हणाला, "आरं, आबाला इचारलास का?"

"आबाला काय कळतंय सिनेमातलं?" अमृत म्हणाला, आणि कात्री चालली.

मित्रांनो, खरं सांगू? मला दुखलं नाही. मी हुरळून गेले होते. शिवकन्येची हळद मला आठवली नाही असंही नाही. आठवली, पण मी ती मनाआड केली. परभणीच्या स्पर्धेत पडद्यावर मी वाऱ्यावर फडफडले, टाळ्या पडल्या, अमृतला दुसरं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर त्याने भोक आत घेऊन माझी घडी घातली आणि पेटीचं झाकण लावलं.

पुढच्याच महिन्यात शिवकन्येची हळद आली. अंगणात मांडव पडला होता, पाहुणे जमले होते. अमृतची आई दैवशाला हिने मला मोठ्या मानाने बाहेर आणलं आणि झटकून पसरलं.

"माय माय! हे काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की कुणी बघू नये. पाहुण्या म्हणून आलेल्या गीताबाई म्हणाल्या, "उंदरानं कुरतडलं असंल." अमृतने पटकन मान हलवली. "हो, उंदरानंच."

सटवाजींनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "एवढं गोल कुरतडाया उंदीर शाळंत गेलता का?"

कुणी हसलं नाही. अमृतची मान खाली गेली. "आबा, मीच कापली. सिनेमासाठी. परदेशी घोडेस्वार भोकातून डोकं काढतेत, तसं करायचं होतं."

"दाव तुजा सिनेमा."

सटवाजींनी मांडवातच मोबाइल हातात धरून तो सगळा पाहिला. हाळी ऐकून त्यांनी मान डोलावली. "हे लय चांगलं केलास. घोडी बी चांगली हाय." मग त्यांनी मला उचललं, एका टोकाची चटकन टोपीसारखी खोळ केली आणि डोक्यावरून पाठीवर सोडली. तीस वर्षं पाऊस झेलला तो याच खोळीने. क्षणभर मांडवात माळावरचे जुने सटवाजी उभे राहिले, फक्त भोकातून पाठीचा पांढरा सदरा दिसत होता.

"त्या लोकायला खोळ ठाऊक नसंल, म्हनून त्येंनी भोक पाडलं," ते म्हणाले. "तुला तर घरात होती की रं. इचारायचंस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. अमृत ओक्साबोक्शी रडला.

शिवकन्येला हळद लागली ती वाघाच्या ब्लँकेटवर. मी बाजूच्या दोरीवर होते. उठल्यावर ती माझ्याजवळ आली, हळदीचा ओला हात तिने भोकाशेजारी टेकवला आणि हळूच म्हणाली, "आजीला सांगू नगंस." तो पिवळा पंजा अजून माझ्या अंगावर आहे.

मित्रांनो, दुसऱ्यांचं खुशाल घ्या. त्यांची गिटार घ्या, घोडा घ्या. पण घरच्या वस्तूला कात्री लावण्याआधी ज्याने ती वापरली त्याला एकदा विचारा, हे कसं पांघरायचं? अमृत आता विचारतो. नवा सिनेमा करायचा म्हणून परवा तो सटवाजींकडून खोळ करायला शिकला. त्या सिनेमात त्याला मीच हवी आहे.

खरं तर आनंद व्हायला हवा. पण शिवकन्येच्या आयुष्यातली ती हळद एकदाच होती, आणि कात्री चालली त्या दिवशी मला टाळ्या हव्या होत्या.