‘थोडी’ साखर

मित्रांनो, लिहिण्याच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, सुकलेल्या लाल पेनांशेजारी जो पडून होता, तो मी. रक्तातली साखर मोजणारा एक जुना ग्लुकोमीटर. कारखान्यात मला एकच विद्या शिकवली गेली: रक्ताच्या थेंबाचा आकडा करायचा आणि कोणाचीही भीड न धरता तो दाखवायचा. भीड न धरणाऱ्यांचे पुढे काय होते, हे मात्र कोणी शिकवले नाही.

माझे मालक मुद्रितशोधक. छापायच्या मजकुरातील चुका शोधणे हा त्यांचा व्यवसाय, म्हणून सारे त्यांना वेलांटीकाका म्हणत. रोज सकाळी उपाशीपोटी काकू त्यांचे बोट घट्ट धरून सुई टोचत.

“अहो, हात मागे काय घेता? कुक्कुलं बाळ आहात का?”

“तुझ्या हातात सुई आहे. माझ्या हातात नुसतं पेन!”

काकू आकडा वहीत लिहीत, मला फडक्याने पुशीत आणि म्हणत, “यंत्र गुणाचं आहे हो.” ते माझे वैभवाचे दिवस.

काकू गेल्या. वहीची पाने उरली होती, तरी वही बंद झाली. माझा सेल खणातच संपला. काका गोळ्या घेत, पण आठवण झाली तर. कोणी विचारलेच, तर म्हणत, “थोडी साखर आहे, बाकी ठणठणीत.” आयुष्यभर इतरांचा एकेक शब्द तासणाऱ्या या विद्वानाने ‘थोडी’ हा स्वतःचा शब्द कधी तपासायला घेतला नाही.

पुढे त्यांच्या खालच्या दातांवरची हिरडी झिजली, मुळे उघडी पडली. टाळूचा पातळ तुकडा काढून तिथे शिवायचा, असे दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवले आणि एक फॉर्म भरायला घरी दिला. काका टेबलाशी बसून, धंद्याच्या सवयीने, विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचू लागले.

“मधुमेह आहे का, प्रश्नचिन्ह.” पेन क्षणभरही अडखळले नाही. “नाही, पूर्णविराम.”

मग फॉर्मवरच्या ‘शत्रक्रिया’तला गळलेला ‘स’ त्यांनी मोठ्या समाधानाने लाल शाईने भरला.

मी खणात होतो, हाताच्या अंतरावर. पण सेल संपलेल्याचे सत्य कोणाला ऐकू जाते?

शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस उलटले. टाळूची जखम भरायची सोडून लालभडकच राहिली. शिवलेला तुकडा पांढुरका पडून कडेने सुटू लागला. काकांना घोटभर पाणीही झोंबे. लेक धावत आली आणि तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो टेबलावर ठेवला.

“वडिलांना मधुमेह आहे?” पलीकडून आवाज आला. “फॉर्मवर तर ‘नाही’ लिहिलंय.”

“मधुमेह कुठंय मला?” काका बोबडे बोलले. “साखर आहे थोडी. साखरेचं कुठं विचारलं होतं?”

“बाबा, एकच की हो ते!”

लेकीने नवा सेल आणला, थेंब टिपणाऱ्या मुदत संपलेल्या पट्ट्या फेकून नव्या आणल्या आणि काकांचे बोट धरले. मी दाखवले: तीनशे अठरा.

“तो तुकडा सुरुवातीला खालच्या हिरडीच्या आधारानं जगतो,” पुन्हा लावलेल्या फोनवर आकडा ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिथून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरल्या तरच तो रुजतो. साखर एवढी असली, की त्या नीट वाढत नाहीत, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. आधी कळतं, तर साखर आटोक्यात आणूनच हात लावला असता.”

आधी कळायला एक थेंब पुरला असता. पण बाईंनी कागदावर विश्वास ठेवला होता, आणि कागदाने लोकांच्या तोंडचा शब्द विचारण्याची तसदी घेतली नव्हती.

दोन दिवसांनी तो तुकडा चूळ भरताना बेसिनमध्ये पडला. आपल्या जागेवरून उचललेला, दुसरीकडे ठेवलेला, आणि ज्याच्यापर्यंत कोणीच येऊन पोहोचले नाही असा. खणात राहिलेल्याला ते समजते.

आठवड्याने लेक परत गेली. जाण्यापूर्वी काकांनी तिच्याकरवी तो फॉर्म मागवून ‘नाही’वर लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले: ‘आहे’. साखर ताब्यात आल्यावर पुन्हा पाहू, असे बाई म्हणाल्या आहेत. टाळू सावकाश भरते आहे. रोज सकाळी काका आपले बोट आपणच दाबतात, मोठ्याने वाचतात, “एकशे शहाण्णव, पूर्णविराम,” आणि काकूंच्या शेवटच्या ओळीखाली लिहितात. खोलीत उत्तर द्यायला कोणी नसते. मला फक्त आकडे येतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी ‘थोडी’ म्हणाले, तर खण उघडा. आणि जमले तर, थेंब येईपर्यंत त्यांचे बोट धरून ठेवा.