तीन मुठी मीठ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना झिंगा आहे. वय वर्ष एक. हसू नका, आमच्यात एवढं वय कढई चुकवल्याशिवाय होत नाही.

माझा जन्म कोकणातल्या खाडीकाठी, माझी मालकीण रिता हिच्या वडिलांच्या टाकीत झाला. खाडीचं पाणी भरतीला खारट, पावसात गोडसर. तिथला शिंपला पाणी बदललं की दार लावून बसतो. मला दार नाही. खाऱ्या पाण्यात अंगातलं जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर काढायचं, गोड्यात तेच मीठ धरून ठेवायचं आणि आत शिरलेलं पाणी दिवसभर लघवीवाटे घालवायचं, ही माझी नोकरी. रजा नाही. पाळी बदलायला मात्र काही तास लागतात.

रिता पहिल्या माहेरपणाहून भंडारा जिल्ह्यात, एकोडीला सासरी परतली, तेव्हा वडिलांनी आम्हा पिल्लांची पिशवी दिली. शेतातल्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, सोडायला. गोड्या पाण्याची सवय त्यांनीच लावली होती. सासूबाई कुंताबाईंनी आम्हाला बादलीत काढलं. सुनेला तिखट रस्सा वाढला. ती डोळे पुसत तोंड धुवायला गेली, तेवढ्यात सासूबाईंनी बादलीत तीन मुठी मीठ टाकलं.

"समुद्राकडचे पाहुणे. अळणी पाण्यात कसे जगतीन?"

माया खरी होती. कल्ल्यांना माया कळत नाही. शेजारचा भाऊ उलटा झाला. मग दुसरा.

सासरे हिरालाल आले. बोट बुडवून चाखलं. "अवो, हे तं लोणचं घालून राहिली तू!" बादली उचलून ते बोडीकडे धावले. खाऱ्यातून एकदम गोड्यात! त्यांना वाटलं सुटका. मला दिसला शेवट.

"बाबा, ओतू नका! एकदम ओतलंत तर सगळे मरतील." रिता अनवाणी धावत आली आणि तिनं चक्क सासऱ्यांचा हात धरला.

"सोड पोरी! तुह्या माहेरचं पहिल्याच दिवशी मेलं तं गाव काय म्हणन?"

मागून कुंताबाई धापा टाकत आल्या. "थांबा न जी! उन्हातून आलेल्या पाहुण्याले आपण आधी टेकू देतो, मंग पाणी देतो. तुम्ही तं विहिरीत ढकलून राहिले."

तिघं बांधावर बसली. एक गडवा, म्हणजे तांब्याभर, खारं पाणी काढायचं, एक गडवा बोडीचं घालायचं. दर गडव्याला हिरालाल विचारत, "झालं का?" दर गडव्याला रिता म्हणे, "नाही." माझे पाय हलेनात. ऊन कललं. विसाव्या गडव्यानंतर कधीतरी माझी एक मिशी हलली. शेजारच्याची हलली नाही.

सूर्य मावळताना बादली तिरपी केली. आम्ही निम्मे आपल्या पायांनी बोडीत उतरलो. उरलेल्यांकडे कुंताबाई बराच वेळ पाहत होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "आजपासून तुहा रस्साबी चमच्या-चमच्यानंच, माय."

मित्रांनो, कुणाला नव्या पाण्यात सोडायचं असेल तर आधी गडवा शोधा. फारच घाई असेल, तर कढई आहेच.